काठावरच्या ओळी

उधन्याच्या तीन रस्त्यावर लारीवाल्याने चहाची बशी पुढे करता करता गुजरातीत म्हटलं की उखाभाईंचं फार वाईट झालं, देवाचा माणूस होता, आणि योगेंद्रने मान हलवली. नुसती मान. माझे वडील जिवंत आहेत, गोडादऱ्याच्या मांडवात गळ्यात वीणा घालून उभे आहेत, गेला तो त्यांच्या जागी उभा राहिलेला लोटू, एवढं एका दमात सांगता आलं असतं. त्याने बशी तोंडाला लावली. चहा उकळून उकळून तपकिरी झालेला, आल्याचा, नेहमीपेक्षा गोड. लारीवाल्याने दुखवट्याची म्हणून साखर जास्त घातली असावी असं त्याला वाटून गेलं. पैसे घ्यायला लारीवाल्याने नकार दिला तेव्हा त्याने ते परत खिशात ठेवले. मेलेल्या बापाच्या नावावर जिवंत बापाचा पोरगा चहा पिऊन निघाला, हे त्याला रिक्षात बसल्यावर, दोन अनोळखी खांद्यांच्या मध्ये अडकल्यावर, नीट कळलं. रिक्षा खड्ड्यातून गेली की तिघांचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. कुठेतरी रंगाचा तो वास होताच, आंबट, गरम, मिलमधून अंगाबरोबर घरापर्यंत येणारा. लहानपणी आबा कामावरून आले की तो वास आधी घरात यायचा आणि मग आबा. तेव्हा तो वास म्हणजे सुरक्षित वाटणं होतं.

मंगळवारीही आबा गेले असं त्याला असंच कोणीतरी सांगितलं होतं. दुपारी तो सचिन गावातल्या त्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसच्या कंप्यूटरच्या खोलीत बसला होता, काचेपलीकडे रंगाई खातं, आणि इंजिनियर मगनभाई दार ढकलून आत आले. त्यांचा शर्ट पाण्याने भिजलेला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, आणि हा माणूस कधी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नसे. चार नंबरच्या जेटचं झाकण उघडताना पाणी उसळलं, म्हणाले, तुझे बापूजी. जेट म्हणजे आडवं झोपवलेलं लोखंडी पिंप, दोन माणसं उंच. त्यात पॉलिस्टरचं कापड दाबाखाली, उकळत्याहून गरम रंगात तासन् तास फिरत राहतं, आणि दाब पुरता उतरल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं. योगेंद्र खुर्चीतून उठला आणि त्या उठण्याच्या मध्येच त्याला आठवलं की आज आबा नाहीत. आज त्यांचा वीणेचा पहारा. हजेरीचं कार्ड आबांचं, पण माणूस लोटू. आणि त्याच्या आत काहीतरी उघडलं, प्रकाशासारखं, दिवाळीच्या पहाटेसारखं. तो आनंद होता. त्याला दुसरं नाव नाही. काचेपलीकडे माणसं धावत होती, कोणीतरी गोणपाट आणा म्हणून ओरडत होतं, लोटूचा आवाज येत नव्हता, आणि हा आत उभा राहून आनंदला होता. किती वेळ? एक श्वास असेल. पण त्या श्वासाच्या आत आता तीन दिवस तो फिरत होता आणि त्याला बाहेर यायची वाट सापडत नव्हती.

सप्ताहाच्या दिवसांत पाळ्या अशाच बदलायच्या. गोडादऱ्यात खानदेशातून आलेल्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या. वर्षातून एकदा मोकळ्या प्लॉटवर मांडव पडायचा, चोपड्याकडचे, पारोळ्याकडचे बुवा यायचे, सात दिवस नाम अखंड चालायचं. आणि त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकवायची नाही. एक जण उभा, दुसरा यायचा, एकमेकांच्या पाया पडायचे, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याची मिलमध्ये दिवसपाळी आणि मांडवात दुपारचा पहारा, त्याच्या जागी त्या दिवशी कोणीतरी दुसरा कार्ड मारून उभा राहायचा. मुकादमाला माहीत असे, वॉचमनला माहीत असे. देवाचं काम म्हणून कोणी बोलत नसे. लोटू माळकरी नव्हता. त्याला तंबाखू लागायची, बुवांच्या नकला करायचा, पण आबांच्या जागी उभं राहायला दर वर्षी तोच. सोमवारी संध्याकाळी दाराशी येऊन म्हणाला होता, "भाऊ, तुम्ही देवना पहारा करा, मी मशीनना करस. पाय दोन्हीकडे सारखाच दुखतस." आई हसली होती. त्याला तिने शेवेची भाजी बांधून दिली होती, बायकोला, तारेला दे म्हणून. ती भाजी त्यांनी खाल्ली असेल. योगेंद्रला हे उगाचच सारखं आठवत होतं.

रिक्षा लिंबायतच्या फाटकाशी थांबली. मालगाडी जात होती. डबे, डबे, डबे, मध्ये एक टाकी, पुन्हा डबे. त्याचं मन आपोआप त्यात आकार शोधू लागलं. ती सवय आता हाडाला लागली होती. उधन्यात, पायऱ्या चढून जायच्या एका क्लासमध्ये, नवसारीहून येणाऱ्या सरांनी त्याला ती विद्या दिली. रेग्युलर एक्सप्रेशन. झेरॉक्सची पुसट पानं आणि एक हिरव्या अक्षरांचा पडदा. सर म्हणायचे की मशीन शब्द वाचत नाही, ते आकार बघतं. तुम्ही आकार सांगायचा, ते लाखो ओळींतून तेवढ्याच ओळी उचलून देईल किंवा तेवढ्याच गाळून टाकेल. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. चौकटी कंसात जे घालाल त्यातलं कुठलंही एक. स्टार म्हणजे मागचंच पुन्हा, कितीही वेळा, एकदाही नसलं तरी चालेल. एकदाही नसलं तरी चालेल, हे ऐकून त्याला पहिल्या दिवशी काटा आला होता. कीर्तनात आईच्या मांडीवर झोपता झोपता ऐकलेलं कुठलंतरी निरूपण त्याला तिथे आठवलं होतं, की तो दिसला तरी आहे आणि न दिसला तरी आहे. घरी येऊन त्याने आबांना हे सांगितलं तेव्हा आबांनी काही न समजताही डोळे मिटून मान डोलावली होती, जशी ते बुवांपुढे डोलवायचे. मिलमध्ये नोकरी लागल्यावर माणसं त्याला कंप्यूटरसाहेब म्हणून चिडवायची, आणि आबा त्या चिडवण्यातला साहेब तेवढा घेऊन घरी यायचे.

मिलने नवी पद्धत बसवली तेव्हा प्रत्येक जेटवरची जुनी घंटी काढली. आता जेटमधला दाब, उष्णता सगळं तारेने योगेंद्रच्या खोलीत येई, ओळींवर ओळी. जी ओळ धोक्याची ती खात्यातला भोंगा वाजवी. चार नंबर दिवसभर भोंगा वाजवायचा. दाब मर्यादेच्या जरासा वर, मग लगेच खाली. पुन्हा जरासा वर. माणसं वैतागली. मगनभाई म्हणाले की सगळ्यांचे कान पिकले, काहीतरी कर. त्याने महिन्याभराच्या ओळी काढल्या आणि पडद्यावर सरकवत बसला, आणि हळूहळू त्याला तो आकार दिसला. सुरुवातीला वेळ, मग चार नंबर, मग दाब, मग एकचा आकडा आणि त्याच्या पुढे काहीही. मर्यादेच्या काठावरच्या ओळी. महिन्याभरात त्या ओळींतून एकदाही काही निघालं नव्हतं; प्रत्येक वेळी मिनिटाभरात दाब पुन्हा खाली. तरी खात्री करावी म्हणून जेवताना त्याने आबांना विचारलं होतं, चार नंबर वाजतं त्यातून कधी काही झालंय का. आबांनी घास मोडता मोडता सांगितलं, कधीच नाही. त्याने नमुना लिहिला. एक ओळ, बोटभर लांब. महिन्याच्या ओळींवर चालवून बघितला. खोट्या सगळ्या गेल्या, खरी एकही गेली नाही. शनिवारी तो बसवला आणि खातं गप्प झालं. यंत्रांची घरघर होती, पण तो भोंगा नव्हता. त्या रात्री आबा म्हणाले होते, आज कामावर नाम घेता आलं रे बाबा, सलग. योगेंद्रला वाटलं होतं, एवढ्यासाठी शिकलो.

मंगळवारी, लोटूला नेल्यावर, तो खोलीत परत आला आणि त्याने नमुन्यातून जायच्या आधीच्या, न गाळलेल्या ओळी बघितल्या, त्या दिवसभर मशीनमध्ये मागे राहत असत. चार नंबर बोललं होतं. कापड शिजून झाल्यावर, झाकण उघडायच्या आधी, पुन्हा पुन्हा, काठावर, जरासं वर. कापड शिजताना तेवढा दाब म्हणजे काहीच नाही. झाकणाखाली तेवढा दाब म्हणजे माणूस जातो. ओळ तीच, अक्षर अन् अक्षर तीच. कीर्तनात बुवा एक चरण घेतात, टाळकरी तो उचलतात, मध्ये कथा येते, आणि तोच चरण परत येतो तेव्हा ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, कारण मधे काय घडलं ते त्याला माहीत असतं. नमुन्याला मागचं पुढचं काही नसतं. त्याच्यापुढे ओळ येते, तो तिचा आकार बघतो, गिळतो, आणि विसरतो. मगनभाई मागे उभे राहून पडदा वाचत होते हे त्याला उशिरा कळलं. ते फार शांतपणे म्हणाले, "ए लाइन रहेवा दे. कशाने हाथ नथी लगाडवानो." कशालाच हात लावायचा नाही, असं बजावून मग म्हणाले, भोंगा वाजला नाही म्हणजे काय दिसतं, मशीन बरोबर होतं, माणसाने घाई केली. दुसऱ्याच्या कार्डावर आलेला माणूस, त्याला काय माहीत. संध्याकाळपर्यंत त्या न गाळलेल्या ओळी नेहमीप्रमाणे पुसल्या गेल्या. पहिल्या बातमीत नाव उखाचं गेलं ते कार्डामुळे. नंतर सुधारलं, पण लाऱ्यांपर्यंत सुधारणा पोचत नाही.

घरी सरलाबाई, त्याची आई, ओट्यावर बसली होती. पुढ्यातल्या ताटातले गहू निवडून झाले होते, तरी ती निवडत होती. आबा तीन दिवस घरी जेवले नव्हते. मंगळवारी कोणीतरी मांडवात येऊन त्यांच्या कानात सांगितलं, तेव्हा वीणा गळ्यात होती, खाली ठेवता येत नव्हती. ते उभेच राहिले, ओठ हलत राहिले, आणि पहारा संपला तरी त्यांनी ती दिली नाही. पुढचा शालिग्राम, शेजारच्या गल्लीतला, हात पुढे करून उभा राहिला, शेवटी मागे सरला. तेव्हापासून वीणा तेवढ्यापुरती दुसऱ्याकडे देऊन जेमतेम पाणी प्यायला, देहधर्माला उतरून ते परत उभे राहत होते. दुसऱ्यांचे पहारेही त्यांचेच. लोटूच्या अंत्यविधीला गेले ते असेच, आणि तिथून सरळ मांडवात. पाय सुजून खांबासारखे झाले होते. लोक म्हणत होते, केवढी निष्ठा. आईला ते निष्ठेचं वाटत नव्हतं. "उद्या काला व्हई, वीणा उतरी," ती म्हणाली. "मंग हाऊ माणूस काय करी, योगू? मनी पाळी व्हती, मनी पाळी व्हती, एवढंच बोलस. तू त्याले काहीतरी सांग." तिने ताट बाजूला ठेवलं. काय सांगायचं हे तिने सांगितलं नाही. शिकलेल्या मुलाकडे काहीतरी असेल एवढाच तिचा भरवसा होता. आणि त्याच्याकडे होतं. हेच त्याच्या छातीवर तीन दिवस बसलं होतं. आबा समजत होते की आपण देवाकडे गेलो म्हणून दुसरा आपल्या जागी गेला. तो एक शब्द बोलला असता तर ते ओझं आबांच्या खांद्यावरून उतरलं असतं. उतरून कुठे गेलं असतं, ते त्याला माहीत होतं. आबांनी त्याच्याकडे एकदा तसं बघितलं की पुन्हा त्यांची जुनी नजर कधी मिळणार नव्हती, साहेब या शब्दातून घरी येणारी.

मांडवात दुपारचं पारायण आटोपलं होतं. चार-दोन बायका वाती वळत बसल्या होत्या, पंखा नुसताच फिरत होता, कनातीला प्लॉटची धूळ. आबा मध्ये उभे. वीणा त्यांच्या अंगाला अशी टेकली होती की कोण कोणाला धरून आहे ते कळू नये. योगेंद्र जवळ गेला, पाया पडला, आणि सुजलेल्या पावलांना हात लागला तेव्हा ती गरम होती. त्याने ठरवलेलं सगळं विसरून खाली बघतच सांगून टाकलं. की भोंगा त्याने बंद केला होता, चार नंबरचा, शनिवारी. की ते वाजणं नेहमी खोटं असायचं म्हणून त्याने ते गाळलं. की मंगळवारी ते खरं होतं आणि तरी गाळलं गेलं. पाळी कोणाची होती याने काही फरक पडला नसता, आबा, तो म्हणाला. तुमचा दोष नाही.

आबांचे ओठ थांबले. तीन दिवसांत पहिल्यांदा थांबले असावेत. वीणेच्या तारेवरचं बोट तेवढं फिरत राहिलं, मग तेही मंदावलं.

"खोटं कोठे व्हतं ते?" आबा म्हणाले. "ते वाजे, तवय मी मांगे जाऊ, वाफना वाल आवळू. मंग ते गप व्हये."

योगेंद्रने वर बघितलं.

"वाल गळस त्याना. सालभर व्हयनं. कोणले सांगानं, हातले सवय पडेल व्हती." ते जणू स्वतःशीच बोलत होते, सावकाश, एकेक गोष्ट पुढ्यात मांडत. सोमवारी वाजलं नाही, तरी झाकण उघडायच्या आधी ते एकदा मागे जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह आवळून आले होते. लोटूला सांगायचं राहिलं. वाजेल तेव्हा जाईल, असं वाटलं. वाजणारच नाही हे कुठे माहीत होतं.

महिन्याभराच्या त्या ओळी योगेंद्रच्या डोळ्यांपुढून पुन्हा सरकल्या. जरासं वर, लगेच खाली. जरासं वर, लगेच खाली. प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये एक माणूस उठून मागे गेला होता, आणि तो कुठल्याच ओळीत नव्हता. त्याने बापाचे हात गाळून त्यांना खोटेपणा म्हटलं होतं. आणि आबांना विचारलं होतं, कधी काही झालंय का, आणि त्यांनी अगदी खरं उत्तर दिलं होतं. ओझं उतरवायला आला होता तो. आता ते दोघांच्या मध्ये होतं, आणि आबांचा वाटा तसूभरही कमी झाला नव्हता, उलट आता त्याला नाव होतं, वाल होता, सोमवार होता.

"म्हंजे लोटूले काहीच ऐकू नही उनं," आबा म्हणाले.

"नही."

आबांनी कनातीपाशी बसलेल्या शालिग्रामला मानेनेच बोलावलं. तो लगबगीने उठून आला, दोघं एकमेकांच्या पाया पडले. आबांना वाकताना शालिग्रामच्याच खांद्याचा आधार घ्यावा लागला. वीणा गेली. तिच्याशिवाय आबा एकदम लहान दिसले, खांद्यावर पट्ट्याचा काळपट वळ. चपला पायांत गेल्या नाहीत. ते अनवाणीच निघाले आणि कनातीबाहेर आल्यावर म्हणाले, "तारेकडे चाल. तठे मी बोलसू. तू बठजो नुसता."

लोटूचं घर तीन गल्ल्या पलीकडे, पत्र्याचं. बाहेर सतरंजीवर दोन-तीन म्हातारे बसले होते, आबांना बघून ते सरकले. आत तारा भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला. तिच्या नणंदेने पाणी आणून ठेवलं. बाजूच्या घरातल्या लूमचा ठोका भिंतीतून येत होता, तो थांबत नव्हता. आबांनी पाण्याला हात लावला नाही. ते म्हणाले की पाळी माझी होती, माय, ते मरण माझं होतं. तारेने ते ऐकून घेतलं. दिवसभरात तिने अशी बरीच बोलणी ऐकून घेतली असावीत. मिलमधूनही माणूस येऊन गेला होता, म्हणाली. त्याने सांगितलं की लोटूनेच घाई केली. मग तिने पदराआडून सरळ आबांकडे बघितलं.

"भाऊ, तठे घंटी वाजस ना? त्या घरमा सांगेत, की धोका व्हयना तं वाजस म्हने. मंग त्यास्नी घाई कसाले करी?"

आबांचा हात योगेंद्रच्या गुडघ्यावर आला. जड, उबदार, बोटांच्या पेरांत रंग कायमचा मुरलेला. त्या हाताने गुडघा दाबला आणि दाबून धरला. आबा खोटं बोलत नसत. लहानपणी त्याच्या फीच्या तारखेसाठीसुद्धा कधी बोलले नव्हते.

"वाजनी व्हई, माय," आबा म्हणाले. "लोटूले ऐकू नही उनी व्हई."

तारेची मान खाली गेली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं, तीन दिवस तिने उघडं धरून ठेवलेलं. तिचा माणूस घाईचा नव्हता, एवढं एकच ती मागत होती, आणि आता ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा माणूसही तेच सांगून चुकला होता. नणंद हळूच म्हणाली की असेल, दादाचं लक्ष नसायचंच. भिंतीतला ठोका चालू होता. गुडघ्यावरचा हात तसाच होता, आणि तो हात तसाच राहू द्यावा, आयुष्यभर, त्याच्या खाली असंच बसून राहावं, असं योगेंद्रला इतकं वाटलं की त्याच्या घशातून आवाज आला तेव्हा तो स्वतःचा आहे हे त्याला आधी कळलं नाही.

"वाजनी नही, काकू. मी बंद करेल व्हती."

तारेने वर बघितलं. त्याच्याकडे नाही, आबांकडे. बराच वेळ ती त्यांच्याकडेच बघत राहिली, आणि आबा पाण्याच्या तांब्याकडे. मग त्यांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, सावकाश, आणि त्यांच्या स्वतःच्या मांडीवर जाऊन पडला.